अकरावी मास मीडिया: मुलाखतीत पट्टे, आवाज घुमतो
प्रश्न: सीबीएसईच्या मास मीडिया स्टडीजसाठी मुलं वर्गात मोबाइलवर मुलाखत शूट करतात. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात, आवाजही घुमतो. उपाय?

उत्तर: पट्टे विजेमुळे, सर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनं), म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवता येतं तो) सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, १/५० सेकंद लॉक करा. शटर ऑटोवर राहिलं की पट्टे परत आलेच.

उत्तर: घुमतं ते उघड्या भिंतींमुळे. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर लावा, पंखा बंद, खाली सतरंजी. शेवटी ३० सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड कराच. संकलनात आवाजाचे सांधे तिनेच झाकतात.

उत्तर: शिवाय मुलाखत घेणारा आणि देणारा यांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा. बाजू बदलली की समोरासमोर बसलेले दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.