इजिप्त, 9 दिवस, सोबत आई. काय बघावं, काय सोडावं?

बार्शीकर_84:
मंडळी, जानेवारीत आईला घेऊन इजिप्तला जायचं ठरतंय. हातात 9 दिवस, बजेट दोघांचं मिळून 3 लाख, त्याच्या वर जमणार नाही. आई 67 वर्षांची, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी. मला चौथ्या देवळानंतर सगळे खांब सारखेच दिसायला लागतात हे आधीच कबूल करतो. नाईलवरची क्रूझ घ्यावी का?

ठाण्याचा_बापू:
क्रूझच घ्या, डोळे झाकून. लक्सर ते अस्वान, मध्ये एडफू आणि कोम ओम्बोची देवळं आपोआप होतात, बॅग उचलायची झंझट नाही. आमचे माणशी अडीच लाख गेले पण माणूस काय रोज जातो का तिकडे.

बार्शीकर_84:
बापू, दोघांचं मिळून 3 म्हणालो मी.

ठाण्याचा_बापू:
हो वाचलं. थोडं ताणा.

मसाला_चहा:
क्रूझचं नंतर बघा, आधी कार्ड! बऱ्याच देवळांत तिकीट खिडकीवर कॅश घेतच नाहीत. मी कर्नाकला भर उन्हात नोटांचं पुडकं घेऊन उभी, खिडकीतला बाबा नुसती मान हलवतोय, शेवटी रांगेतल्या एका कोरियन मुलीने तिचं कार्ड मारलं आणि मी तिला नोटा दिल्या. दोन कार्डं न्या. सुट्टे मात्र खिशात ठेवाच, कारण आतला राखणदार हळूच खुणावतो, दोरी बाजूला करून टॉर्चने एक कोपरा दाखवतो आणि मग हात पुढे करतो. शब्दही आपलाच, बक्शीश.

गड_भटक्या:
गिझाला पिरॅमिडच्या आत आईंना नेऊ नका. तिकीट वेगळं, ओणवं होऊन चढायचं, घामाघूम होऊन वर पोचलं की काय, एक रिकामी दगडी पेटी. मी 40 किल्ले केलेत तरी मांड्या भरून आल्या. आणि उंटवाला चढायचे पैसे आधी सांगतो, उतरायचे वर बसल्यावर.

नीलाक्षी_म:
ममी बघायच्या तर पत्ता नीट बघून जा. राजा-राण्यांच्या 22 ममी 2021 च्या एप्रिलमध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममधून फुस्तातच्या म्युझियममध्ये मिरवणुकीने नेल्या. आम्ही जुन्याच ठिकाणी शोधत बसलो, आमच्या गाईडलाही पत्ता नव्हता.

गड_भटक्या:
जुनं म्युझियम आता बघायची गरजच नाही. गिझाचं नवीन ग्रँड म्युझियम बघा, तूतनखामून राजाचं सगळं तिकडे आहे.

नीलाक्षी_म:
सगळं नाही. तो स्वतः अजून लक्सरला त्याच्या थडग्यातच आहे. आणि जुन्या म्युझियमला नावं ठेवू नका, तिथली लाकडी कपाटं बघूनच मला रडू आलं होतं.

बडोदेकर_काका:
ममी बडोद्याच्या म्युझियममध्येही आहे. सयाजीरावांची कृपा. बार्शीहून रात्रीत पोचाल, 3 लाख वाचले.

मसाला_चहा:
काका 😂

वाळूत_पाय:
कामाचं सांगतो, दोनदा गेलोय. लक्सरला व्हॅली ऑफ द किंग्ज म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, तिच्या साध्या तिकिटात तीन थडगी येतात. तूतनखामून, सेती पहिला आणि रामसेस सहावा, यांचं वेगळं तिकीट. गुडघ्यांसाठी रामसेस सहावा घ्या, उतार लांब पण सरळ आहे, आणि शेवटच्या दालनाच्या छतावर नूत देवी पसरलीय, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. मान दुखेपर्यंत बघा. थुतमोस तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका, आधी लोखंडी जिना वर आणि मग तेवढंच खाली. आत उकडतं, सकाळी उघडल्या उघडल्या जा. राहायला नाईलचा पश्चिम काठ, तिथली साधी गेस्टहाऊस पूर्वेच्या हॉटेलांपेक्षा स्वस्त पडतात.

ठाण्याचा_बापू:
ते ठीक पण अबू सिंबेल चुकवलं तर इजिप्त बघितलंच नाही म्हणायचं. पहाटे 4 ला निघालो अस्वानहून. अख्खं देऊळ 1964 ते 68 मध्ये कापून वर नेऊन बसवलंय, धरणाच्या पाण्यात गेलं असतं. आम्ही 22 फेब्रुवारीला होतो, सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात.

गड_भटक्या:
त्या दिवशी गर्दीत किरण दिसले का मुंड्या?

ठाण्याचा_बापू:
व्हिडिओ आहे माझ्याकडे.

स्वयंपाकघर_पुणे:
शाकाहारीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही!! थेपले न्या, मेतकूट न्या. आमच्या टूर कंपनीने (नाव घेत नाही) रोज व्हेज म्हणून उकडलेला भात आणि काकडी दिली.

वाळूत_पाय:
इजिप्तला जाऊन थेपले? कोशरी मागवा ना. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वरून तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट रस्सा. आणि ताअमिया म्हणजे सोललेल्या बाकल्याची भजीच, पावात घालून देतात.

स्वयंपाकघर_पुणे:
भातात मॅकरोनी. देवा.

नवा_सदस्य_7:
तिकिटासाठी कार्ड लागतं बरं का, कॅश चालत नाही.

मसाला_चहा:
🙏

बार्शीकर_84:
सगळ्यांचे आभार. धागा आईला वाचून दाखवला. क्रूझ रद्द, अबू सिंबेल रद्द (बापू, माफी), पहाटे 4 ला ती फक्त पंढरपूरला निघते म्हणाली. कैरोत तीन रात्री, बाकी सगळ्या लक्सरच्या पश्चिम काठावर. तिला बघायचंय ते कुणीच सुचवलं नाही, देर अल मदिना. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव, धान्याचा पगार थकला म्हणून रामसेस तिसऱ्याच्या काळात काम टाकून बसलेले हेच ते. तिथे सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात नवरा ठिपक्याठिपक्याच्या बैलजोडीने नांगरतोय आणि मागून बायको बी फोकतेय.

वाळूत_पाय:
अरे पण तिथला जिना भयंकर आहे! अरुंद, उभा, खाली वाकून शिरायचं. मी मुद्दाम नव्हतं सांगितलं.

बार्शीकर_84:
सांगितलं तिला. बसत बसत उतरेन म्हणते. फोटो झूम करून तासभर बघत होती, शेवटी म्हणाली, एवढी पांढरीशुभ्र कापडं घालून कोण नांगरतं रे, हिला धुवायची नाहीत वाटतं.