नासर्डीचे उंदीर टुणटुणीत, म्हणून पाणी चांगलं?

गंगापूर रोडकर: काल इथं एकाने लिहिलं, “नाशिकच्या नासर्डी नदीकाठचे उंदीर कसे टुणटुणीत आहेत बघा, प्रदूषणाचा उगाच बाऊ करू नका.” रात्रभर डोक्यात तेच. अंगाने टुणटुणीत असणं वेगळं, प्रतिकारशक्ती शाबूत असणं वेगळं. ट्रिकिनेला हा कृमी पोटात गेला की निरोगी उंदराचं आतडं त्याला दोन-तीन आठवड्यांत हुसकावतं. प्रयोगात खाण्यातून ट्रायब्युटिलटिन ऑक्साइड हे रसायन दिलेल्या उंदरांची थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आक्रसली, कृमी आतड्यात ठाण मांडून बसले, स्नायूंत अळ्या वाढल्या. डायॉक्सिन या विषारी प्रदूषकानेही कृमी बाहेर पडायला उशीर लागतो.

निफाडकर: ते ट्रायब्युटिलटिन पूर्वी जहाजांच्या बुडाच्या रंगात घालायचे. नासर्डीत जहाजं चालत नाहीत. आणि उंदरांची एवढी कणव असेल तर माझ्या कांदाचाळीत या. घुशींनी खालून पोखरून अर्धी चाळ सडवली. झिंक फॉस्फाइड ठेवलं, दोन मेल्या, बाकीच्यांनी परत तोंड लावलं नाही.

पंचवटीची सून: विषाचं नाव काढू नका. आमच्या वाड्याच्या आढ्यात गव्हाणी घुबडांची जोडी होती. शेजाऱ्यांनी उंदरांसाठी वड्या ठेवल्या, आठवड्यात मादी अंगणात पडली, चोचीतून रक्त. पिलं दोन रात्री ओरडत होती.

निफाडकर: ताई, रक्त आलं म्हणजे ते ब्रोमॅडिओलोनसारखं, रक्त गोठू न देणारं काहीतरी. झिंक फॉस्फाइडचा पोटात वायू होतो, ते अंगात साठत नाही. सगळ्या शेतकऱ्यांना एका माळेत ओवू नका!

पंचवटीची सून: शेतकरी म्हणाले कुठे मी? आणि घुशीच्या पोटात उरलेलं विष माझ्या मांजरीने खाल्लं तर?

निफाडकर: तर मरेल, मान्य. म्हणून मेलेली घूस मी खोल पुरतो.

सिन्नरचा पशुवैद्य: मूळ मुद्द्यावर या. उंदीर चिरला की कधी कधी यकृतावर वाटाण्याएवढी पांढरी गाठ दिसते. फोडली की आत घडी घातलेली लांब अळी, मांजराच्या पट्टकृमीची. बाहेरून उंदराची लव चकचकीत. पण गाठ प्रदूषणानेच आली असंही म्हणता येत नाही, मांजरं जास्त तिथे गाठी जास्त. उंदरातला हायमेनोलेपिस हा पट्टकृमी तर शिसं यजमानाच्या अवयवांहून जास्त स्वतःच्या अंगात साठवतो. प्रकरण इतकं सरळ नाही.

गंगापूर रोडकर: डॉक्टर, नासर्डीच्या उंदरांत कृमी वाढलेत असं मी म्हटलंच नाही. उंदीर जिवंत आहे हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नव्हे, एवढंच.

निफाडकर: तेवढं मान्य. ते पाणी मीही बागेला देणार नाही. पण घुशींचं काय करायचं, ते अजून कुणीच सांगितलं नाही.