रोज दुपारनंतर डोकं आवळून येतं, गोळी किती दिवस चालवावी?

रेणापूरकर
भाचा १७ वर्षांचा, लातूरला नीटची तयारी करायलाय. दोन महिने झाले, चार वाजले की कपाळापासून मानेपर्यंत दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं डोकं दुखायलंय. उलटी नाही, ताप नाही, डोळ्यांना नंबरही निघाला नाही. मेडिकलवरच्या गोळीनं तासाभरात उतरतं, म्हणून आठवड्यातून चार-पाचदा घ्यायलाय. कुणी ऊन म्हणतंय, कुणी पित्त. काय करावं?

बालाघाट
दादा, हे वर्णन ताणाच्या डोकेदुखीचं आहे. दोन्ही बाजूंनी दाब, ठणका नाही, जिना चढल्यानं वाढत नाही. आपल्याकडं ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात ती पुष्कळदा अर्धशिशी असते: बहुधा एकाच बाजूला ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की हलकं वाटतं. इथं तसं काही दिसत नाही.

काळजी वाटते ती गोळीची. आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याला १८-२०. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, कॅफीन मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी धरून ठेवते. म्हणून आधी पाकिटामागचे घटक वाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलं त्या दिवशी फुली, गोळी घेतली त्या दिवशी गोल करायला लावा. आठवड्यात दोन गोलांच्या वर जायचं नाही. गोळी बंद किंवा कमी केल्यावर पहिले २ ते १० दिवस दुखणं वाढू शकतं, आणि तिथंच बहुतेक जण परत गोळीकडं वळतात. म्हणून गोळी कमी करणं सराव परीक्षांचा आठवडा टाळून सुरू करा.

महिन्यात १५ दिवसांच्या वर दुखत असेल तर डॉक्टर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन सुरू करू शकतात, सुरुवातीला बहुधा १० मिलिग्रॅम. ती दुखणं येऊ नये म्हणून असते. मनानं आणून देऊ नका.

गोदाकाठ
लेकरू अभ्यासाला बसतं कसं ते बघा. कॉटवर मांडी घालून, पुस्तक मांडीत, मान खाली. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. ते तासन् तास मानेच्या मागच्या स्नायूंनी तोलायचं. कवटी जिथं मानेला मिळते तिथं दोन्ही बाजूंच्या खळग्यांत अंगठे दाबून बघा. तिथं दुखरं लागलं तर ३० सेकंद हलका दाब धरा, सोडा, तीनदा करा.

पुस्तक तिरप्या पाटावर ठेवा. दर ४० मिनिटांनी उठून हनुवटी सरळ मागं ओढायची (खाली नाही), ५ सेकंद धरायची, असं १० वेळा. झटक्यानं मान गोल फिरवू नये. खांदे कानाकडं चढलेले असतात, ते मुद्दाम सोडायचे. रात्री दात आवळत असेल तर कानशिलं सकाळीच दुखतात, तेही विचारा.

रेणापूरकर
कॉटवरच बसतो ताई. डोक्याला रुमाल गच्च बांधून वाचतो, बाम लावतो. चालेल का?

गोदाकाठ
बाम कानशिलांना चालेल, डोळ्यांपासून लांब. रुमाल सोडवा. गच्च पट्ट्यानंही डोकं दुखतं. उन्हात उपरणं घ्यायचं ते सैल. आणि मेसचा डबा चुकवून चहावर दुपार काढत असेल तर आधी ते थांबवा. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको, उन्हानं अंगातलं पाणी कमी झालं असताना तर मुळीच नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

बालाघाट
एकाएकी, मिनिटभरात कळस गाठणारं दुखणं, तापासोबत ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणं, दोन-दोन दिसणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं: यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.