सार्वजनिक ग्रंथालयात वर्गणी असावी का?

शाईपेन:
आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने शंभरी ओलांडली आहे. परवा वार्षिक सभेत वर्गणी आणि अनामत वाढवायचा ठराव आला. विरोधात माझा एकटीचाच हात वर होता.

आमच्याकडे पेपर वाचायला पैसे पडत नाहीत, पण पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि महिन्याची वर्गणी. शाळा सुटली की एक मुलगी रोज येते आणि पेपरच्या टेबलाशी उभ्याउभ्याच पुरवणी वाचते. शेवटी मी विचारलं, "पुस्तक का नाही नेत गं?" म्हणाली, "आई म्हणते अनामतीचे पैसे साठले की नेऊ." आई धुणीभांडी करते.

आणि हे बदलता येतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मग वाचनालयं मोफत केली. त्यासाठी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं. गावोगाव वाचनालयं निघाली, शिवाय पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. लिहायला-वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक आलं नाही तर तो शिकलेलं विसरून जातो, हे महाराजांनी ओळखलं होतं. आपण अजून अनामतीवरच अडलोय.

माजी कार्यवाह:
ताई, तळमळ कळते, पण वर्गणीला दोष देऊ नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलं, ते कुठल्या महाराजांच्या खजिन्यातून नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ पासूनचं. इतकी वर्षं ही घरं उभी राहिली ती सभासदांच्या आणि देणगीदारांच्या खिशातून.

मी अकरा वर्षं कार्यवाह होतो. अनुदानाचा हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार वर्गणीतूनच निघायचा. एका दिवाळीला तर आम्ही पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरलो, तेव्हा कुठे त्याच्या घरी फराळ झाला. शिवाय पैसे भरणारा माणूस सभेला येतो, हिशेब मागतो.

बडोद्याचं अर्धंच सांगितलंत. तिथे गावाने आपला वाटा जमवला की मग प्रांत पंचायत आणि सरकार त्यांचा वाटा घालत. फुकट होतं ते वाचकाला. गावाला नव्हतं.

पंचगंगाकाठी:
दोघंही कायदा विसरताय. आमच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने तर मालमत्ता कराच्या जोडीला ग्रंथालय उपकर लावला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात उपकर नाही. म्हणून आपल्याकडे अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गानुसार अनुदान आणि त्या अनुदानाची वाट बघणं. घरपट्टीत थोडी भर घाला, ना त्या मुलीला अनामत लागेल ना कार्यवाहांना पावतीपुस्तक घेऊन फिरावं लागेल.

माजी कार्यवाह:
उपकर कर्नाटकातही आहे. घरपट्टीबरोबर तो गोळा होतो, पण ग्रंथालयांपर्यंत पूर्ण पोचत नाही. थकबाकी कोटींत गेल्याच्या बातम्या येतच असतात.

पंचगंगाकाठी:
वसुली ढिली आहे म्हणून करच नको, हे काही पटलं नाही.

शाईपेन:
"फुकट वाचकाला, गावाला नव्हतं." कार्यवाह, हे एकदम मान्य. पण मग माझंही म्हणणं तेच आहे! गावाने भरावं. माझी वर्गणी दुप्पट करा, मी आनंदाने भरीन. फक्त शाळकरी मुलांना अनामत नको.

माजी कार्यवाह:
आणि पुस्तकं परत आली नाहीत तर? आम्ही एका उन्हाळ्यात बालविभाग अनामतीशिवाय खुला केला होता. शाळा सुरू झाल्यावर मोजणी केली तर कपाटाचे दोन खण रिकामे. ती पुस्तकं पुन्हा घ्यायला पैसे नव्हते.

शाईपेन:
काही जातील, मला ठाऊक आहे. पण काल मी आमच्या कपाटातली दहा-बारा पुस्तकं उघडून बघितली. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर कुठे शेवटचा शिक्का २००९ चा, कुठे एकही नाही. पानं करकरीत. हरवलेल्या पुस्तकापेक्षा मला या कोऱ्या चिठ्ठ्यांचं जास्त वाईट वाटतं. हरवलेलं निदान कुणाच्या तरी घरी आहे.

सोमवारी त्या मुलीची अनामत मी भरतेय. पुढच्या सभेत ठराव मात्र मांडणार.

माजी कार्यवाह:
अनामत जरूर भरा, निम्मी माझ्याकडून घ्या. ठरावाला माझा विरोध राहील.