मदत हवी आहे: पहिल्यांदाच संक्रांत करतेय, सुगडं किती आणायची?

कोरी_पाटी:
भोगी परवावर आलीय आणि मला यातलं काहीच येत नाही म्हणून घाईत लिहितेय. यूट्यूबवर एक बाई पाच सुगडं सांगते, दुसरी दोन, तिसरी म्हणते सासरची पद्धत विचारा. सासरी विचारायची सोय नाही. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलंय, रिकाम्या हाताने गेलं तर चालतं का? प्लीज "गूगल कर" म्हणू नका.

नवीपेठकर:
सासरी का नाही विचारता येत, भांडण आहे का? लग्नानंतरची पहिली संक्रांत असेल तर काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळा थाटच वेगळा. आधी ते सांगा.

कोरी_पाटी:
नाही हो, लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही दोघं जन्मापासून एका पंथात होतो, नाव लिहीत नाही. सण नाही, वाढदिवस नाही, कुणाच्या घरचा प्रसाद नाही. सासरचे अजून त्यातच आहेत. आम्ही पावसाळ्यात बाहेर पडलो. शाळेत तिळगूळ मिळाला की मी खिशात घालायचे आणि घराच्या अलीकडे गटारीत टाकायचे. एकदा हलव्याचा एक दाणा खिशाच्या शिवणीत अडकला, तो आईला कपडे धुताना सापडला. पुढचं सांगत नाही. सुगडांचं सांगा.

विवेकी_माणूस:
एवढ्या कष्टाने एका खड्ड्यातून निघालात आणि लगेच दुसऱ्यात? सूर्य राशी बदलतो त्यात मडकी कशाला पुजायची?

शेंगाचटणी:
विवेकी दादा, तिने किती आणू विचारलंय, आणू का नाही विचारलं. ताई, आमच्यात पाच असतात. मधल्या मारुतीजवळच्या बाजारात मिळतील. आत गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. गळ्याला दोरा गुंडाळा, हळदीकुंकू लावा, झालं. काकूंकडे रिकाम्या हाताने जा, वाण त्याच देतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, पावटा, गाजर, हरभरा घालून मिक्स भाजी. संक्रांतीला शेंगपोळी.

पोळीप्रेमी:
संक्रांतीला गुळपोळी असते, तिळाची. शेंगदाण्याची कुठून आली?

शेंगाचटणी:
सोलापुरातून आली. तुम्ही कुठून आलात?

पोळीप्रेमी:
पुण्याहून. म्हणून काय झालं?

शेंगाचटणी:
काही नाही, कळलं.

गड्डा_फॅन:
ताई घरी कशाला एवढा व्याप, 14 तारखेला दुपारी आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला या की. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसंच माणसं, "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" झालं की अक्षता पडतात. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, महाराज म्हणाले माझ्या योगदंडाशी कर, त्याचं हे लग्न. म्हणजे बघा, सुगडंही कुंभाराचीच. पोरांना गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळण्यात बसवा, सगळं टेन्शन जाईल.

नवीपेठकर:
पाळण्याचं सोडा, गाडी कुठं लावायची ते सांग बे. गेल्या वर्षी होम मैदानापासून इतकी लांब लावली की परत येताना सापडेना.

गड्डा_फॅन:
गाडी आणायचीच नाही. रिक्षाने यायचं, चालत जायचं.

विवेकी_माणूस:
सण म्हणजे बाजार झालाय, हेच म्हणतोय मी.

शेंगाचटणी:
तुम्हाला शेंगपोळी पाठवू का दादा, थोडं गोड बोलाल.

नवीपेठकर:
कोरी पाटी, एक विचारू? तुमच्या आई कुठं असतात आता?

कोरी_पाटी:
खालच्या मजल्यावर. ती पण अजून त्यातच आहे. जिना तिच्या दारावरून जातो आणि दुपारभर दार उघडं असतं. म्हणून तर किती आणू विचारत होते. पाच मडकी पिशवीत घातली की एकमेकांवर आपटून वाजतात. काल घरातल्या वाट्या घालून बघितल्या.

शेंगाचटणी:
अगं मग आधी सांगायचं ना. दोनच आण, चालतं. प्रत्येक वेगळ्या टॉवेलात गुंडाळ, वर मेथीची जुडी ठेव. आणि अकराला जा, तेव्हा सगळ्यांच्या घरी कुकर चालू असतो.

पोळीप्रेमी:
मेथीपेक्षा उसाची मोळी घ्या, जास्त झाकेल.

शेंगाचटणी:
ऊस कशाला आणला म्हणून विचारणार नाही का त्या? जरा डोकं वापरा.

कोरी_पाटी:
मेथी बरी. तशीही आणतेच मी. मुलीला सांगून ठेवलंय जिन्यात काही बोलायचं नाही म्हणून, ती सहा वर्षांची आहे, बघू. सुगडं काळी घेऊ की लाल?

गड्डा_फॅन:
16 ला दारूकाम बघायला कोण कोण येतंय? रिक्षाने.