राजासॉरसचं डिजिटल चित्र: परखड मत हवंय

कोथरूडची_कुंचली:
क्रितामध्ये (चित्रकलेचं सॉफ्टवेअर) केलंय, ४००० × २२५० पिक्सेल. समोर राजासॉरस (मांसाहारी डायनासोर), मागे दोन आयसीसॉरस (लांब मानेचे शाकाहारी डायनासोर), पार्श्वभूमीला पुण्यातली वेताळ टेकडी बघून काढलेले कातळाचे टप्पे. प्राणी जमिनीवर उभे न वाटता चिकटवल्यासारखे दिसतात. कुठे चुकतंय? गोडगोड बोलू नका, पुण्यात आहोत.

हाडंवाला:
आधी शरीर बघू. राजासॉरस ॲबेलिसॉरिड या आखूड हातांच्या कुळातला, त्याचे हात तुम्ही काढलेत त्याच्या निम्मेच हवेत. कपाळावरचं शिंग बुटकं करा, गेंडा झालाय त्याचा. आयसीसॉरसच्या पुढच्या पायांची नखं पुसा; तो ज्या गटातला त्या टायटॅनोसॉरांचे पुढचे पाय म्हणजे बिनबोटांचे खांब. टेकडीही जाऊ द्या. हे प्राणी लामेटा नावाच्या खडकांच्या थरातले, तो दख्खनच्या बेसॉल्टखाली (लाव्हाच्या कातळाखाली) सापडतो. त्या बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या खूप नंतर झिजून घडल्या. गवत मात्र चालेल! चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म शेणात गवताचे सिलिका-कण मिळालेत (२००५). तुरळक झुबके ठेवा, लॉन नको.

छटा_तपासनीस:
पायाखाली संपर्क-सावलीच (पाय जमिनीला टेकतो तिथली गडद सावली) नाही, म्हणून चिकटवल्यासारखं दिसतं. मल्टिप्लाय लेअरवर (खालचे रंग गडद करणारा थर) गडद निळसर तपकिरी घ्या. तळव्याला लागून कडा धारदार, बाहेर जाताना विरलेली. मग सर्वांत वर राखाडी लेअर कलर मोडवर टाकून बघा, रंग जाऊन नुसता उजेड-अंधार दिसेल: मागचे प्राणी समोरच्याइतकेच काळे निघतील. त्यांच्या सावल्या उजळ करा. आणि खवल्यांचा ब्रश अंगभर फिरवू नका, उजेड-सावलीच्या सीमेवर पुरे.

कोथरूडची_कुंचली:
पोटाखाली जमिनीचा परावर्तित उजेड द्यायचा का?

छटा_तपासनीस:
द्या, मातकट लालसर. फक्त उजेडाच्या बाजूच्या सर्वांत गडद छटेपेक्षा तो गडदच राहिला पाहिजे.