ट्रॅकिओस्टॉमीनंतर आरशासमोर उभे राहवत नाही

अबोली
नमस्कार. माझे वय 41 आहे. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर माझे दोन्ही स्वरतंतू हलेनासे झाले, श्वास पुरेना, आणि मार्चमध्ये गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावी लागली. आतली नळी काढून कशी धुवायची, सक्शन म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढणे कसे करायचे, हे सारे मला नीट शिकवले गेले. मात्र ही नळी घेऊन चार माणसांत कसे वावरायचे, याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

मंगळसूत्राचे मणी नळीच्या फितीत अडकतात म्हणून ते काढून ठेवले, तर सासूबाईंचा चेहरा उतरला. भाचीच्या डोहाळजेवणात खोकला आला आणि नळीतून उडालेला बेडका शेजारच्या बाईंच्या पदरावर पडला. तेव्हापासून मी कोणत्याही कार्यक्रमाला गेलेली नाही. यजमान रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात. जीव वाचला असताना दिसण्याचे दुःख करत बसणे हा कृतघ्नपणा आहे का?

लालपरी
ताई, कृतघ्नपणा मुळीच नाही. मी एसटीत 29 वर्षे वाहक होतो, गाडीच्या मागच्या दारापर्यंत माझा आवाज पोहोचत असे. स्वरयंत्राच्या कर्करोगामुळे नळी बसली तेव्हा पहिले काही महिने मी दाढीसुद्धा आरशाशिवाय करत होतो आणि दोनदा गाल कापून घेतला.

खोकल्याचे म्हणाल, तर आपला हात जन्मभराच्या सवयीने तोंडाकडे जातो आणि बेडका मात्र गळ्यातून येतो. रुमाल गळ्याशी धरण्याची सवय लागायला मला वर्ष गेले. पत्नीने जुन्या धुवट लुगड्याचे दुपदरी तुकडे शिवून दिले आहेत, ते मी नळीवर सैलसर बांधतो. घरात आम्ही त्यांना लाळेरी म्हणतो आणि हसतो. त्यांनी नळी झाकली जाते, शिवाय धूळ अडते, कारण आपली हवा आता नाकातून गाळून येत नाही. नायलॉनचा स्कार्फ मात्र वापरू नका, तो श्वासासरशी नळीला चिकटतो.

वाचा-उपचारतज्ज्ञ
अबोलीताई, आपण आवाजाविषयी काहीच लिहिले नाही, म्हणून विचारते. नळीवर बसणारी एकमार्गी झडप श्वास नळीतून आत घेऊ देते आणि उच्छ्वास वर स्वरतंतूंकडे वळवते, त्यामुळे बोलता येते. डेव्हिड म्यूर या तरुणाने स्वतः व्हेंटिलेटरवर असताना 1985 मध्ये अशी झडप तयार केली. मात्र आपले स्वरतंतू हलत नसल्याने उच्छ्वासाला वरची वाट अपुरी पडू शकते, आणि नळीभोवती श्वासनलिका बंद करणारा हवेचा फुगा असेल तर तो पूर्ण रिकामा केल्याखेरीज झडप लावणे जिवावर बेतते. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांसमोरच तिची चाचणी घ्यावी. काही रुग्णांचे स्वरतंतू काही महिन्यांत पुन्हा हलू लागतात, तेव्हा नळी निघण्याची शक्यता किती, हेही त्यांना स्पष्ट विचारा.

हवा नाकातून जात नसल्याने वास कमी येतो आणि जेवण बेचव लागते, त्यामुळे जेवणावरची वासना गेली एवढ्यावरून मन खचले असे समजू नका. मात्र झोप उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे झाल्याचा विचार आला, तर दोन आठवडे थांबूही नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बोलणे जमत नसेल तर घरच्यांनी आपल्या वतीने फोन करावा.

सांगलीकर
मी रुग्ण नाही, रुग्णाचा नवरा आहे, म्हणून फक्त भिंतीबद्दल लिहितो. पत्नीला नळी बसली तेव्हा मीही जवळजवळ दोन महिने असाच झोपत होतो. झोपेत माझा हात लागून नळी निघेल, या भीतीने मी अंग चोरून पडत असे. तिने त्याचा अर्थ किळस असा घेतला, आणि हे मला तिच्या बहिणीकडून कळले. मग तिच्याकडूनच फीत बदलायला शिकलो. फीत आणि मान यांमध्ये एक बोट जाईल इतकी ती सैल ठेवायची असते.

अबोली
सर्वांचे आभार. झडपेविषयी गुरुवारी डॉक्टरांना विचारणार आहे. काल रात्री मी यजमानांना पाटीवर लिहून विचारले, 'किळस वाटते का?' त्यांनी पाटी वाचली, पुसली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'धक्का लागेल म्हणून.' त्यांना बोलून सांगता आले असते, पण त्यांनी लिहिले. आज फीत त्यांनी बदलली, आणि गाठ इतकी सैल बांधली की मला पुन्हा बांधावी लागली.